देवाची आज्ञा कोण सांगतो?

श्रियाळ राजा, चांगुणा आणि चिलया यांची गोष्ट ज्यांनी लहानपणी महाशिवरात्रीच्या पोथीवाचनात ऐकली, त्यांच्या डोक्यातून ती सहसा जात नाही. श्रीधरस्वामी नाझरेकरांनी १७१८ साली बारामतीत पुऱ्या केलेल्या शिवलीलामृतात ती येते. अतिथीला विन्मुख पाठवायचं नाही, हे त्या जोडप्याचं व्रत. एक अनोळखी अतिथी येतो आणि नरमांस मागतो, तेही घरच्या मुलाचंच. पोरगा आपणहून तयार होतो. आई त्याला कापते, शिर तेवढं आठवण म्हणून मागे ठेवते. पाहुण्याच्या ते लक्षात येतं. तेही उखळात कांडून आण म्हणतो, आणि कांडताना रडायचं नाही, गाणं म्हणायचं. चांगुणा कांडते. पान वाढल्यावर पाहुणा सांगतो, निपुत्रिकाच्या घरी मी जेवत नाही. मग शंकर प्रकट होतात, आईनं हाक मारताच चिलया धावत येतो, वगैरे.

भाविक ऐकणारा त्या शेवटासाठी ऐकतो. पण गोष्टीतली खरी भीतीची जागा उखळाच्या जरा अलीकडे आहे. दारात उभा असलेला शंकर आहे, हे राजाराणीला ठाऊकच नाही. त्यांच्या लेखी तो एक माणूस आहे, आणि तो जे मागतो त्याला धर्माचा आधार आहे एवढंच. बाराव्या शतकातल्या तमिळ पेरियपुराणात सिरुत्तोंडरांची कथा जवळपास अशीच आहे. तिथेही मागणारा शैव गोसाव्याच्या वेषात येतो.

ज्यू आणि ख्रिस्ती परंपरेतला अब्राहाम, इस्लाममधला इब्राहिम यांच्या कथेशी हे ताडून पाहावं. तिथे आज्ञा थेट देवाकडून येते आणि सुरी चालण्याआधी हात थांबवला जातो. बायबलमधल्या मुलाला काय चाललंय याचा पत्ता नसतो, कोकरू कुठे आहे म्हणून तो विचारतो. कुराणातला मुलगा चिलयासारखा स्वतः होकार देतो. युरोपात या कथेवर दोन टोकांची मतं पडली. कांटनं १७९८ साली म्हटलं की अब्राहामानं त्या आवाजाला असं सुनवायला हवं होतं: मुलाला मारू नये हे मला पक्कं ठाऊक आहे, पण तू देव आहेस हे मला पक्कं ठाऊक नाही. किर्केगार्दनं १८४३ साली नेमकं उलट केलं. नीतीच्या हिशेबात अब्राहाम खुनीच ठरतो हे त्यानं कबूल केलं आणि श्रद्धा त्या हिशेबाच्या पलीकडे सुरू होते असं मांडलं. किर्केगार्द वाचताना माणूस भारावतो. तरी मला कांटचं म्हणणं अधिक उपयोगी वाटतं, कारण त्याचा प्रश्न व्यवहारातला आहे: आज्ञा देवाची आहे हे ठरवलं कोणी?

श्रद्धेवर आपल्याकडे जे वाद झाले, ते बहुतेक 'देव आहे की नाही' याच मुद्द्यावर येऊन थांबतात. मला तो वाद दुय्यम वाटतो. देवावर भरवसा ठेवणं ही एक गोष्ट आणि देवाच्या नावानं सांगितलेलं ऐकणं ही दुसरी. या दोहोंच्या मध्ये कायम कुणीतरी माणूस उभा असतो. गुरू, भटजी, बडवा, बिशप, मौलवी, नवरा, कधी नुसती 'रीत'. भाविकांच्या इतिहासात जे उजळ आहे आणि जे काळवंडलेलं आहे, त्यातलं बरंचसं या मधल्या माणसाशी भाविक कसा वागला त्यावर ठरलेलं दिसतं.

गीतेपासून सुरुवात करायची तर शरणागतीचा सगळ्यात गाजलेला श्लोक अठराव्या अध्यायातला सहासष्टावा. सगळे धर्म सोडून मला एकट्याला शरण ये, हा त्याचा आशय कीर्तनाला जाणाऱ्या कुणालाही सांगता येईल. त्याच्या तीनच श्लोक आधी, त्रेसष्टाव्यात, कृष्ण अर्जुनाला म्हणतो की सगळं सांगून झालं, आता पूर्ण विचार कर आणि तुला वाटेल तसं कर. प्रवचनांत हा श्लोक भराभर ओलांडला जातो. शरण जायला सांगण्याआधी विचाराची मोकळीक दिली आहे, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. पुढे आचार्यांनी या शरणागतीचा बारीक कीस काढला. रामानुजांच्या परंपरेत तर तिच्यावरून दोन फळ्या झाल्या. वेदान्तदेशिकांच्या बाजूनं माकडाच्या पिलाचा दाखला: पिलू आईला घट्ट धरून बसतं, म्हणजे भक्तानं काहीतरी करायला हवं. पिळ्ळै लोकाचार्यांच्या बाजूनं मांजरीचा: मांजर पिलाला तोंडात धरून नेते, पिलानं नुसतं सैल राहायचं. वाद तात्त्विक होता, पण त्यातून पंथ वेगळे झाले, कपाळावरचे नाम वेगळे झाले आणि पुढे मंदिरांतल्या मानपानाच्या तक्रारी कोर्टापर्यंत गेल्या. लोकमान्यांनी १९१५ सालच्या गीतारहस्यात शरणागती कर्मयोगाशी जोडली, म्हणून मराठी मध्यमवर्गाला ती परवडली. असो.

वारकरी परंपरेत मात्र माकड-मांजराच्या पलीकडचं काहीतरी घडलं. तिथे भक्त देवाशी भांडतो. जनाबाई विठ्ठलाला शिव्या घालते. नामदेव रुसतो. चोखोबा दाराबाहेर उभं ठेवल्याचा जाब मागतो. तुकोबा तर देवाला दिवाळखोर ठरवण्यापर्यंत जातात. ज्याच्यावर भरवसा नाही त्याच्याशी माणूस इतकं भांडत नाही, नुसता दूर होतो. भांडण हा इथे भरवशाचाच भाग आहे, आणि आज्ञापालन म्हणजे श्रद्धा असं समीकरण मांडणाऱ्याला हे साहित्य वाचताना अडखळायला होतं.

तुकोबांच्या बाबतीत हे प्रसंगानंच तपासता येतं. १६३० च्या सुमाराचा दुष्काळ दख्खनेत भयंकर होता. त्यात त्यांची पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला, दुकान बुडालं. सावकारीतले आपल्या वाट्याचे कागद त्यांनी इंद्रायणीत सोडले आणि भावाचा वाटा भावाला दिला, असं परंपरा सांगते. देवावरचा विश्वास त्यांना सुखात सापडलेला नाही. पुढे वाघोलीच्या रामेश्वरभटांनी शूद्रानं वेदार्थ सांगू नये म्हणून अभंगांच्या वह्या बुडवायला सांगितल्या. इथे नीट पाहण्यासारखं आहे. तुकोबांनी ती आज्ञा पाळली. वह्या खरोखर डोहात टाकल्या. आणि मग ते देवाच्या दारात अन्नपाण्यावाचून तेरा दिवस धरणं धरून बसले. धर्माधिकाऱ्याशी त्यांनी वाद घातला नाही, पण त्याचा शब्द देवाचा म्हणून मान्यही केला नाही. अपील सरळ वरच्या कोर्टात. वह्या तरल्या की लोकांच्या तोंडी राहिलेले अभंग पुन्हा जमा झाले, यावर ज्याला भांडायचं त्यानं भांडावं. रामेश्वरभट पुढे त्यांचेच अनुयायी झाले, हे मात्र सगळेच सांगतात.

यावर जुना आक्षेप आहे. देव ठेवील तसं राहावं, असं सांगणारा तुकोबांचा अभंग घरोघरी फ्रेममध्ये लागला, आणि इतिहासाचार्य राजवाड्यांनी संतांनी समाज पंगू केला म्हणून तोफ डागली. न्यायमूर्ती रानड्यांचं मत अगदी विरुद्ध: मराठ्यांच्या सत्तेवरच्या १९०० सालच्या त्यांच्या पुस्तकात संत हे त्या उदयाची पूर्वतयारी करणारे आहेत. गं. बा. सरदारांनी १९५० साली 'संतवाङ्मयाची सामाजिक फलश्रुती'मध्ये हिशेब जास्त सरळ मांडला. संतांनी खालच्या थरातल्या माणसाला देवापुढे ताठ उभं केलं, पण त्याच्या गावातली जागा बदलली नाही. मला सरदारांचं पटतं. राजवाड्यांनी भरवसा आणि निमूटपणा एकच धरले, आणि रानड्यांनी भक्तीला राजकारणाचं श्रेय जरा सढळ हातानं दिलं.

वारकऱ्याचं आज्ञापालन कसं असतं हे पाहायचं तर गावच्या अखंड हरिनाम सप्ताहात रात्री जाऊन बसावं. सात दिवस वीणा खाली टेकवायची नाही, एवढा नियम. पहाऱ्यांची पाळी आधी लावलेली असते. रात्री दोन ते चारचा पहारा ज्याच्याकडे, तो शेतातून आलेला, अंगावर घोंगडी, डोळे तांबारलेले. आधीचा वीणेकरी त्याच्या गळ्यात वीणा घालतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात, आणि नामाचा सूर न तुटता पुढे जातो. मंडपात त्या वेळी दोन म्हाताऱ्या आणि एक झोपलेलं पोर, एवढेच. कुणी बघत नाही, कुणी दंड करणार नाही. तरी वीणा टेकत नाही. या पाळण्याला आज्ञेपेक्षा नेम म्हणणं बरं. माळ घालताना घेतलेली व्रतंही अशीच आहेत: एकादशी, मांसाहार वर्ज्य, वर्षाची वारी. कानात सांगायचा गुप्त मंत्र नाही, आणि पाया पडणं एकेरी नाही. ज्याच्या पायाला तुम्ही हात लावता तोही तुमच्या पायाशी वाकतो. मधल्या माणसाची उंची रोखायची याहून साधी युक्ती मला तरी दुसऱ्या पंथात दिसलेली नाही.

ही युक्ती पुरी पडली, असं म्हणवत नाही. इरावती कर्व्यांनी 'वाटचाल' या लेखात आपल्या दिंडीतल्या बायकांचं वर्णन केलं आहे: दिवसभर एक अभंग, आणि जेवायला बसताना ब्राह्मणांची पंगत वेगळी, मराठ्यांची वेगळी. पायी चालताना एक होणारी माणसं चुलीपाशी पुन्हा आपापल्या जातीत जात होती. पंढरपूरच्या मंदिरात दलितांना प्रवेश मिळावा म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषण करावं लागलं. चोखोबाला जाऊन तेव्हा सहाशे वर्षं झाली होती. बडवे-उत्पातांचे परंपरागत हक्क संपल्यावर शेवटचं शिक्कामोर्तब तर सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली केलं. देव भक्तासाठी विटेवर उभा, ही श्रद्धा आणि त्याच्या पायापर्यंत पोहोचण्याची किल्ली कुणाच्या कनवटीला, हे दोन निरनिराळे इतिहास आहेत.

गुरूचा विषय त्याहून नाजूक. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात आचार्योपासनेचं जे लांबलचक वर्णन येतं, त्यात शिष्य गुरूच्या पायाखालची माती होण्यापर्यंतची सेवा मनात आणतो. काव्य म्हणून ते अपूर्व आहे. पण ते निवृत्तिनाथांसारख्या थोरल्या भावाकडे पाहून लिहिलं गेलं हे विसरलं, की तोच मजकूर कुठल्याही मठाच्या भिंतीवर चिकटवता येतो. रामदासांना हा धोका दिसला होता. दासबोधाच्या पाचव्या दशकात गुरू करावाच असं आधी सांगून लगेच पुढच्या समासात त्यांनी भोंदू गुरूंची जी झडती घेतली आहे, ती आजच्या वर्तमानपत्रात छापली तर नवी वाटेल. शिष्याला साधनाला लावत नाही आणि इंद्रियं आवरायला शिकवत नाही तो गुरू त्यांच्या लेखी कवडीमोल.

बहिणाबाईची कोंडी याच गाठीतली. शिऊरची ही संत, जन्म १६२८ चा. ब्राह्मण घर, वयानं कितीतरी मोठा बिजवर नवरा. तिनं तुकोबांना गुरू मानलं. नवऱ्याला शूद्र गुरू खपला नाही, त्यानं मारहाण केली. आता पत्नीनं ऐकायचं कुणाचं? शास्त्राप्रमाणे नवरा हाच देव. मनाप्रमाणे गुरू तुकाराम. तिच्या आत्मचरित्रपर अभंगांत ती दोन्ही सोडत नाही. पतिसेवेवर तिनं अभंग रचले, नवऱ्याची सेवा सोडली तर परमार्थ वाया जाईल अशी भीतीही व्यक्त केली, आणि तुकोबांनाही धरून ठेवलं. आजच्या वाचकाला वाटतं, तिनं बंड करायला हवं होतं. सतराव्या शतकातल्या मुलीला ते सांगणारे आपण कोण? पण तिनं हे दुखणं लपवलं नाही, अभंगात लिहून ठेवलं. नवरा पुढे तिच्याबरोबर देहूला गेला.

दोनशे वर्षांनी हीच गाठ पंडिता रमाबाईंनी वेगळ्या तऱ्हेनं सोडवली, आणि श्रद्धा व आज्ञापालन यांतला फरक मराठी इतिहासात इतक्या स्पष्टपणे मांडलेला मी दुसरीकडे वाचलेला नाही. २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडमध्ये वॉन्टेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. संस्कृत मुखोद्गत असलेली, शूद्र मानलेल्या बंगाली वकिलाशी लग्न केलेली, लवकरच विधवा झालेली, पंचविशीतली बाई, कडेवर लहान मुलगी. जोगिणींच्या मठानं तिला आसरा दिला, चेल्टनहॅमच्या कॉलेजात ती शिकू-शिकवू लागली. आश्रय देणाऱ्यांची अपेक्षा साधी होती: आता ती चर्चची लेक, चर्च सांगेल ते तिनं मानावं.

रमाबाईंनी मानलं नाही. त्यांच्या आणि त्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्या पत्रव्यवहाराचा संग्रह १९७७ साली प्रसिद्ध झाला. तो वाचताना दोघींची तळमळ खरी वाटते, म्हणून तो जास्त अस्वस्थ करतो. बाई विचारतात, त्रैक्याचा सिद्धान्त मला पटत नाही, तर मी ख्रिस्ती नाही का? ख्रिस्ताचं ऐकायचं की अँग्लिकन चर्चचं? क्रुसावरची अक्षरं लॅटिनच का, संस्कृतात काय कमी आहे? पुरुषांना संस्कृत शिकवण्याला बिशपांचा विरोध, तो का? अंडं घातलेलं गोड खायलाही त्या तयार नव्हत्या, आणि त्यात सिस्टरना जातीचा गर्व दिसला. भारतातल्या पुरोहितांचं जू मी मोठ्या कष्टानं मानेवरून उतरवलं, आता तसलंच दुसरं जू घ्यायचं नाही, असा त्यांचा पवित्रा होता. सिस्टर जेराल्डीन याला अहंकार म्हणाल्या. देवापुढे नम्र असलेलं माणूस चर्चपुढे इतकं ताठ कसं, हे त्यांना उमगेना.

मला यात काहीच विसंगत दिसत नाही. उलट त्याच बाईनं पुढे केलेलं काम पाहिलं की देवाचं ऐकणं म्हणजे काय याची त्यांची कल्पना कळते. १८८९ साली मुंबईत शारदा सदन, मग ते पुण्यात. मुली ख्रिस्ती होतायत या आरोपावरून १८९३ साली गदारोळ. त्यानंतरच्या दुष्काळांत उपाशी मुलीबायका गोळा करून केडगावला उभं केलेलं मुक्ती मिशन. मूळ हिब्रू-ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर करण्यात त्यांची शेवटची वर्षं गेली. १९२२ साली त्या वारल्या. जी मध्यस्थांचं ऐकत नव्हती, तिनं देवाचं ऐकण्यासाठी दोन भाषा शिकण्याचे कष्ट घेतले. केडगावात मात्र त्या स्वतःच अधिकाराच्या जागी होत्या. सगळं घर त्यांच्या शब्दावर चाले. या प्रश्नाचा हा एक तिढाच आहे: मधला माणूस नको म्हणणाराही काही वर्षांत दुसऱ्यांसाठी मधला माणूस होतो.

जोतीराव फुल्यांनी ही जागाच रिकामी करायचा प्रयत्न केला. १८७३ साली सत्यशोधक समाज निघाला आणि लग्नं भटजीवाचून लागू लागली; मंगलाष्टकं जोतीरावांनी स्वतः रचली, त्यांत वधूवर एकमेकांना वचनं देतात. निर्मिक, म्हणजे निर्माता, आहे, त्याच्यावर श्रद्धा आहे, पण त्याच्या नावानं दक्षिणा घेणारा कुणी नाही. १८९१ साली, त्यांच्या मृत्यूनंतर छापलेल्या सार्वजनिक सत्यधर्म पुस्तकात हा विचार पुरा झाला. बाबासाहेब आणखी पुढे गेले. त्यांचा बुद्ध मोक्ष देणारा नाही, वाट दाखवणारा आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांनी चंद्रमणी महास्थविरांकडून दीक्षा घेतली आणि मग जमलेल्या लाखोंना स्वतः दिली, बावीस प्रतिज्ञांसह. त्या प्रतिज्ञांत आज्ञा देणारा देव नाही. जो बोलतो तोच बांधला जातो. इतक्या कडक शिस्तीची श्रद्धा देवावाचूनही उभी राहू शकते, हे महाराष्ट्रात घरोघरी दिसतं, आणि श्रद्धेची व्याख्या करणाऱ्यानं ते वगळून चालणार नाही.

पाश्चात्त्यांतला क्लिफर्ड विरुद्ध जेम्स हा वाद इथे फारसा कामी येत नाही. क्लिफर्ड १८७७ मध्ये म्हणाला की पुराव्यावाचून विश्वास ठेवणं हाच गुन्हा, आणि शंका दाबून जुनं जहाज समुद्रात सोडणाऱ्या मालकाचा दाखला दिला. वीसेक वर्षांनी जेम्सनं उत्तर दिलं की काही निर्णय पुराव्याची वाट पाहत थांबत नाहीत. दोघे एकट्या माणसाच्या डोक्यात काय चालतं ते बोलतात. जहाजातल्या उतारूंना कुणी विचारलं होतं का, एवढाच क्लिफर्डचा मुद्दा मी उचलेन.

कारण महाराष्ट्रातला कायदा शेवटी याच मुद्द्यावर आला. नरेंद्र दाभोलकरांनी वर्षानुवर्षं लावून धरलेला जादूटोणाविरोधी कायदा त्यांचा २० ऑगस्ट २०१३ ला खून झाल्यावर आधी वटहुकूम म्हणून आणि डिसेंबरात कायदा म्हणून आला. काही वारकरी संघटनांनीही त्याला विरोध केला होता. भक्तीवरच गदा येईल अशी भीती. प्रत्यक्षात पूजा, प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, प्रवचन यांना तो हात लावत नाही. तो पकडतो ते नरबळी देणाऱ्याला, अंगात भूत आहे म्हणून मारहाण करणाऱ्याला, साप चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देणाऱ्याला, दैवी शक्तीचा दावा करून बाईचा गैरफायदा घेणाऱ्याला. चांगुणेच्या दारातल्या पाहुण्यावर आज गुन्हा दाखल होईल, आणि व्हायलाच हवा. शंकर असतील तर जामिनाचं ते बघून घेतील.

२०२० सालच्या आषाढीला करोनामुळे पायी वारी झाली नाही. पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या, सोबत मोजकी माणसं. पिढ्यान्‌पिढ्या न चुकलेला नेम चुकला, तोही सरकारच्या सांगण्यावरून. काहींनी हायकोर्टाचं दार ठोठावलं, काही चिडले, आणि बहुतेक वारकऱ्यांनी घरीच टाळ घेतला, अंगणात रिंगण धरलं, एकादशी केली. त्यांनी सरकारी आदेशाला देवाची आज्ञा मानलं असं कुणी म्हणणार नाही. साथीत लाखोंनी एकत्र येऊ नये, हे त्यांना आपल्या अकलेनं पटलं होतं, आणि वारी चुकली म्हणून विठ्ठल आपल्याला टाकेल, असं त्यांना एकदाही वाटलं नाही. पुढच्या वर्षीही पादुका बसनंच गेल्या. २०२२ ला पायी वारी पुन्हा सुरू झाली तेव्हा दिंड्यांचे क्रम तेच होते, मानकरी तेच होते, आणि मानपानाचे वादही तेच.